सिस्टरांच्या गुलाबांबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्वी दूध तपासनीस आणि आता गच्चीवर भाजी पिकवणारी, राहणार याच इमारतीचा चौथा मजला, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या टेबलावर, दिवसाउजेडी लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला नेहमीच्या डॉक्टरांनी दिला आहे. ते माझ्या पुतण्याच्या ओळखीचे निघाले, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचाही घेतला. दोन्ही सोबत जोडले आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. कोणी प्रयत्नच केला नाही, असे मात्र मी लिहून देणार नाही.

माणसांची पूर्ण नावे आणि पत्ते वकीलबाईंकडच्या जोडपत्रात आहेत. इथे मी ज्याला जशी हाक मारते तसेच लिहिते, म्हणजे वाचणाऱ्याला माणूस ओळखू येईल.

याआधीची माझी दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिल्यातला वारस वारला. दुसऱ्यातल्यावरचा माझा विश्वास उडाला होता.

कलम १. माझे राहते घर, आतल्या सामानासकट, माझ्या पुतण्याला द्यावे. हा माझ्या यजमानांच्या थोरल्या भावाचा मुलगा. दुसऱ्या मृत्युपत्रातला वारस तो हाच. त्याच्यावरचा विश्वास का उडाला तेही लिहिते. मागच्या उन्हाळ्यात तो मापाची टेप घेऊन गच्चीवर आला आणि कठड्याची लांबी मोजून कागदावर उतरवून घेऊ लागला.

"काय रे, माप कशाचं घेतोस?" मी विचारले.

"काकू, रेलिंग हलतंय. एखाद्या दिवशी पडाल खाली. नवं बसवून घेऊ."

मला वाटले, आज रेलिंग, उद्या पत्र्याची शेड, परवा शेडला याचे कुलूप. तो गेल्यावर मी रेलिंग धरून हलवून पाहिले. हलते. म्हणजे टेपेचा पुरावा आहे, हेतूचा नाही. नुसत्या संशयावर माणसाला दोषी धरले की काय होते ते पुढे येईलच. म्हणून घर पुन्हा त्यालाच. गच्चीला मात्र त्याने हात लावायचा नाही. रेलिंग बदलले तर हरकत नाही.

कलम २. बँकेतली ठेव माझ्या धाकट्या बहिणीला. तिच्या नवऱ्याला आधी कळवू नये. नंतरही कळवायची घाई करू नये.

कलम ३. माझा लॅक्टोमीटर, दोन थर्मामीटर आणि परीक्षानळ्यांची लाकडी पेटी गोठेवाल्याला द्यावी. हा गोठेवाला कोण ते सांगायला हवे.

मी एकतीस वर्षे दूध संकलन केंद्रावर नोकरी केली. दूधवाले कॅन घेऊन रांगेत उभे राहायचे आणि मी प्रत्येक कॅनमध्ये लॅक्टोमीटर सोडायचे. दुधात पाणी असले की तो खोल जातो. हसून बोलणारे, घरची चौकशी करणारे, म्हाताऱ्या आईची शपथ घेणारे, सगळ्यांचे कॅन मी पाहिले. शपथ घेणाऱ्यांचे हमखास पातळ निघायचे. ती सवय मग घरात शिरली. यजमान म्हणायचे, "अगं, माझ्याशी बोलतानासुद्धा तू नळी बुडवूनच बघतेस."

या गोठेवाल्याचे दूध एकतीस वर्षांत एकदाही पातळ निघाले नाही. मला ते खरे वाटेना. मी वार बदलून पाहिले, वेळ बदलून पाहिली, एकदा तर न सांगता त्याच्या गोठ्यावर जाऊन उभी राहिले. त्याने मला बसायला बादली उपडी करून दिली आणि धार काढत राहिला. शेवटी मी हात टेकले. सबंध जगात एवढ्या एका माणसाला मी संशयातून वगळले.

कलम ४. गच्चीचा पूर्वेकडचा अर्धा भाग माझ्या खरेदीखतात आहे. पश्चिमेकडचा अर्धा भाग सोसायटीचा. माझ्या भागात त्रेचाळीस क्रेट, सहा अर्धे ड्रम, खत कुजवायच्या दोन टाक्या आणि एक झारी आहे. हे सगळे कसे सुरू झाले ते आधी लिहिते.

यजमान गेल्यानंतरच्या वर्षी मी बाजारातून कोबी आणला. पान पान उलगडले. अळी नाहीच, अळीने कुरतडल्याची खूणसुद्धा नाही. अळी ज्याला तोंड लावत नाही ते मी का खावे? दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याकडून रिकामे क्रेट आणले आणि गच्चीवर पालक पेरला. मग टोमॅटो, घेवडा, काकडी, मिरची. घरचा ओला कचरा, सुकी पाने आणि गोठेवाल्याकडचे शेणखत, एवढ्यावर सगळे पिकवले. विकतच्या औषधाचा एक थेंब नाही. मावा आला तर साबणाचे पाणी, पानांवर भुरी चढली तर आंबट ताक.

पश्चिमेच्या भागात सिस्टरांचे गुलाब होते. सिस्टर म्हणजे माझ्या समोरच्या दारात राहणाऱ्या. प्रसूतिगृहात नर्स होत्या. इमारतीत सगळेच त्यांना सिस्टर म्हणतात. यजमानांच्या शेवटच्या चार महिन्यांत त्या रोज सकाळी ड्युटीला जाण्याआधी येऊन इंजेक्शन देत. मी दरवेळी औषधाची बाटली मागून घ्यायचे आणि लेबल शेवटपर्यंत वाचायचे. त्या कधी चिडल्या नाहीत. माझे वाचून होईपर्यंत सिरिंज हातात धरून उभ्या राहायच्या.

त्यांच्या सव्वीस कुंड्या होत्या, सोसायटीच्या लेखी परवानगीने. गुलाबाला त्या औषध मारत. "काय करू ताई, नाही मारलं तर पानांवर काळे डाग पडतात," त्या म्हणायच्या. आमच्यात ठरलेले होते: फवारायच्या आदल्या दिवशी त्यांनी सांगायचे आणि मी माझे क्रेट जुन्या चादरींनी झाकायचे. बारा वर्षे हे बिनबोभाट चालले. चादरीचे दुसरे टोक धरायला त्याच येत.

कलम ५. हे कलम माझ्याविरुद्ध आहे.

सहा वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, माझ्या अकरा क्रेटमधल्या टोमॅटोचे शेंडे आवळले. पाने बारीक होऊन मुठीसारखी मिटली. घेवड्याची पाने वाटीसारखी वळली. कीड नाही, डाग नाही, पाणी कमी नाही. मी मान वर केली तर समोर सिस्टर कुंड्यांना पाणी घालत होत्या.

"सिस्टर, न सांगता फवारलंत ना?"

"नाही हो ताई. पंपाचा वॉशर गेलाय, पंधरा दिवस झाले. बघा हवं तर."

"बघायचं काय त्यात? पानं बघतेय ना मी."

पंप माझ्यापासून दहा पावलांवर, टाकीच्या सावलीत उभा होता. एकतीस वर्षे मी झाकण उघडल्याशिवाय एक कॅन पुढे जाऊ दिला नाही. तो पंप मी पाहिला नाही.

मी सोसायटीकडे लेखी तक्रार केली. सेक्रेटरींनी ती तळमजल्याच्या बोर्डावर लावली. सभा पार्किंगमध्ये भरली. सिस्टरांनी तिथेही तेच एक वाक्य सांगितले, पंपाचा वॉशर गेलेला आहे. कोणीतरी मला पुरावा विचारला. मी आवळलेली पाने ताटात घालून नेली होती, ती फिरवली. हात वर झाले. आठ दिवसांत कुंड्या हलवायचे ठरले.

लिफ्टमध्ये माती सांडते म्हणून त्यांना लिफ्ट वापरू दिली नाही. त्या एकेक कुंडी कडेवर घेऊन चार जिने उतरत होत्या. मी दाराच्या भिंगातून मोजत होते. दया आली म्हणून नाही. एखादी मागे ठेवतील असा मला संशय होता. सव्वीस भरल्यावर मी भिंगापासून बाजूला झाले.

त्यानंतर पाच वर्षे आम्ही बोललो नाही. दोन दारांत पाच फुटांचे अंतर आहे.

कलम ६. सेक्रेटरींना माझ्याकडून काही मिळणार नाही. पश्चिमेचा भाग रिकामा झाला आणि महिन्याभरात तिथे त्यांच्या मेव्हण्याच्या दुकानाची लोखंडी पाटी उभी राहिली. माझ्या तक्रारीने कोणाचे फावले, ही चौकशी मी, एवढी संशयी बाई, तेव्हा केली नाही. मला हवा तो गुन्हेगार मिळाला होता ना.

कलम ७. खरे काय झाले ते.

दोन हजार चोवीस साली, डिसेंबरच्या शेवटी, पाने पुन्हा आवळली. या वेळी नऊ क्रेट. गच्चीवर पाच वर्षांत एक गुलाब नव्हता. तरी माझे मन पहिल्यांदा समोरच्या दाराकडेच गेले, हेही लिहून ठेवते. मला वाटले, चोरून वर येऊन सूड उगवतात. गच्चीची किल्ली फक्त माझ्याकडे, म्हणून मग पुतण्याने तिची नक्कल करून घेतली असेल असे वाटले. मग पाटी पुसायला माझ्याकडून किल्ली नेणारा माणूस. तीन दिवस मी गच्चीच्या दाराला काळा धागा बांधून ठेवला. धागा तुटला नाही.

चौथ्या दिवशी मी एक आवळलेला शेंडा डबीत घालून रोपवाटिकेवाल्या बाईंकडे गेले. त्यांनी तो उन्हात धरून पाहिला.

"बाई, हे वरून पडलेलं नाही. वरून पडलं असतं तर पानांवर ठिपके जळाले असते. हे मुळातून चढलंय."

"शेजारी पूर्वी गुलाबाचं औषध मारायचे."

"गुलाबाचं औषध किड्यांना, बुरशीला. त्याने पानं अशी वळत नाहीत. हे तण मारायच्या औषधाचं काम. शेण कुठून आणता?"

मी सांगितले, जगातल्या सगळ्यात सचोटीच्या माणसाकडून.

"माणूस सचोटीचा असेल हो. जनावराने काय खाल्लं ते विचारा. शेतात तण मारायचं औषध मारतात, ते पेंढ्यात राहतं, पेंढा जनावराच्या पोटात जातो आणि ते शेणात जसंच्या तसं बाहेर पडतं. घेवडा पेरून बघा. घेवडा लपवत नाही."

मी आठ पेले घेतले. चारांत नुसती माती, चारांत माती आणि नव्या पोत्यातले खत. आठांतही घेवडा पेरला आणि खिडकीत एका रांगेत ठेवले. सतरा दिवस मी त्यांच्यासमोर बसून चहा प्यायले. नुसत्या मातीतली चार रोपे सरळ आली. खतातल्या चारही रोपांनी तिसऱ्या पानापासून मुठी मिटल्या.

मी गोठ्यावर गेले. गोठेवाला आता थकला आहे, पण गुरे तोच पाहतो. मी विचारले, "पेंढा कुठला?"

"नेहमीचा संपला बाई. या वर्षी बाहेरून आणला, लांबच्या शेतावरून."

"असा बाहेरून पूर्वी कधी आणला होता?"

"एकदाच. पाच-सहा वर्षं झाली असतील. का हो?"

मी सांगितले. तो गाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बाई, मी काही मिसळलं नाही."

"माहीत आहे."

"मग दुधाचं काय?"

लॅक्टोमीटर पाणी ओळखतो. बाकी काही ओळखत नाही. तो पेंढा त्याने त्याच दिवशी बंद केला, आणि ती पेटी मी त्याला देते आहे ती त्याच्या सचोटीसाठी, पुढे उपयोगी पडेल म्हणून नाही.

घरी येऊन मी बागेची जुनी वही काढली. सहा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. माझ्याच अक्षरात लिहिले होते: शेणखताचे नवे पोते आले, अकरा क्रेटमध्ये घातले. पाने आवळली तेही क्रेट अकराच. क्रमांकसुद्धा तेच. ही दोन पाने वहीत पाठोपाठ होती आणि पाच वर्षांत मी ती एकत्र वाचली नव्हती.

फसवणारा कोणीच नव्हता. शेतवाल्याने तण मारले, पेंढेवाल्याने पेंढा विकला, गोठेवाल्याने गुरांना घातला आणि मी खत वाहून आणले, माझ्या स्वतःच्या हाताने. अशा गुन्ह्याची मला सवय नव्हती. या सगळ्यात एका बाईला तेवढी शिक्षा झाली होती, आणि ती मी दिली होती.

दुसऱ्या दिवशी मी समोरची बेल वाजवली. साखळी लावूनच दार उघडले.

"काय?" सिस्टर म्हणाल्या.

"तुमच्याकडे लाइट आहे का? आमच्याकडची गेलीय."

"आहे."

मी परत आले. माझ्याकडे दिवा, पंखा, सगळे चालू होते.

कलम ८. (हे कलम रद्द आहे. का रद्द ते वाचावे.)

या मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते की माझ्या मृत्यूनंतर वरची हकिगत तळमजल्याच्या बोर्डावर आठ दिवस लावावी आणि माझी गच्ची सिस्टरांना द्यावी. वकीलबाईंनी मसुदा वाचून चष्मा काढला.

"आजी, हे वाचून त्यांनी कोणाशी भांडायचं? तुमच्या फोटोशी?"

मला पहिल्यांदा वाटले, सिस्टरांनीच हिला फितवले. दोन दिवस मी त्या संशयावर काढले. त्या दोघींची ओळख असण्याचा काहीही पुरावा मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी, म्हणजे गेल्या महिन्यातल्या एका बुधवारी सकाळी, मसुदा घेऊन मी समोरची बेल वाजवली आणि या वेळी लाइटचे नाव काढले नाही.

सिस्टरांनी सगळा कागद दारात उभ्यानेच वाचला. मग साखळी काढली.

"शेणखत?"

"हो."

"आणि हे तुम्हाला कळलं कधी?"

"मागच्या जानेवारीत."

"म्हणजे वर्ष झालं."

"हो."

"वर्षभर रोज माझ्या दारावरून भाजीची टोपली घेऊन खाली जात होतात."

मला वाटत होते त्या सहा वर्षांपूर्वीचे बोलतील. त्यांना या एका वर्षाचाच जास्त राग आला होता. चूक कोणाकडूनही होते, असे त्या म्हणाल्या, प्रसूतिगृहात त्यांनी मोठमोठ्या डॉक्टरांच्या पाहिल्या होत्या. कळल्यावर गप्प बसणाऱ्याला मात्र त्यांनी कधी सोडले नाही.

"आणि बोर्डावर मेल्यावर लावणार? मी सत्तरीची आहे ताई. आधी मीच गेले तर?"

"ते मी धरलं नव्हतं."

"आत्ता लिहा. इथे बसून."

मी त्यांच्या टेबलावर बसून लिहिले. त्यांनी वाचले आणि एका शब्दावर बोट ठेवले.

"'गैरसमजातून' खोडा. गैरसमज व्हायला समोरच्याने काही सांगितलेलं नसावं लागतं. मी तर सांगितलं होतं."

मी तो शब्द खोडला आणि वर लिहिले, "त्यांनी सांगूनही न तपासता." मग आम्ही दोघी खाली गेलो. कागद मी धरला, टाचण्या त्यांनी लावल्या. सेक्रेटरी बाहेर येऊन म्हणाले, बोर्डावर काही लावायचे तर समितीची परवानगी लागते.

"माझ्याविरुद्धचा लावलात तेव्हा कोणाची घेतली होती?" सिस्टरांनी विचारले. ते आत गेले. कागद आठ दिवस राहिला. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी तो वाचून सिस्टरांशी बोलायचे टाळले, कारण हात त्यांनीही वर केला होता.

वर येताना मी म्हटले, "गुलाब आणून देते. सव्वीस."

"नकोत. ते मी लोकांना वाटले, आता ते त्यांचे झाले. मला वांगी लावायचीत."

"वांगी कुठे लावणार? माझ्याकडे मोकळा एकच कोपरा, तिथे ऊन नाही."

"तुमच्या काकडीच्या जागी लावते."

"आणि काकडी?"

"ती कोपऱ्यात जाईल. आणि हे बघा, मेल्यावर दिलेली गच्ची मला नको. किल्ली आत्ता द्या." किल्ली घेऊन दार लावता लावता त्या म्हणाल्या, "मी माफ केलं असं त्या कागदात कुठे लिहू नका."

लिहिलेले नाही.

कलम ९. माझ्यानंतर पूर्वेकडची गच्ची सिस्टरांना जोवर हवी तोवर त्यांच्या वापरात राहील. नको असेल तर त्यांनी नाकारावी, तोही त्यांचाच हक्क. पुतण्याने त्यांच्याकडे किल्ली मागू नये. खालच्या सूचना मात्र त्यांनीही पाळाव्यात, कारण या बाबतीत त्यांना माझ्यापेक्षा कमी कळते.

शेंदरी खूण केलेल्या नऊ क्रेटमध्ये दोन वर्षे फक्त मका लावावा. मक्याला ते औषध बाधत नाही. त्या मक्याची ताटे कुजवून पुन्हा खतात घालू नयेत. नंतर त्याच मातीत घेवडा पेरून पाहावा. पाने सरळ आली तरच टोमॅटो. खताचे प्रत्येक नवे पोते, ते कोणीही दिलेले असो, आधी पेल्यात तपासावे. देणाऱ्याला आधी सांगावे आणि मगच तपासावे, म्हणजे त्याला अपमान वाटत नाही. ही गोष्ट मला नोकरीत कोणी शिकवली नाही.

काकडी कोपऱ्यात येणार नाही. हे माझे म्हणणे इथे लेखी नोंदवून ठेवते.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि मला मान्य आहे. साक्षीदार म्हणून तळमजल्याचा बेकरीवाला आणि लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री यांना बोलावले आहे. जिन्यात ठेवलेल्या मैद्याच्या पोत्यांवरून त्यांचे फाटले आहे आणि दोन वर्षे ते एकमेकांशी बोलत नाहीत. दोघे संगनमत करणार नाहीत, म्हणूनच निवडले. दोघांनीही माझ्यासमोर आणि नाइलाजाने एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

ज्याला काही मिळायचे आहे त्याने सहीच्या वेळी खोलीत असू नये, असे वकीलबाईंनी सांगितले, म्हणून सिस्टर इथे नाहीत. त्या सकाळपासून वर आहेत. क्रेट ओढल्याचा आवाज दोनदा आला. कोणते क्रेट आणि कुठे, हे पाहायला मी वर गेलेले नाही.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर, चौथा मजला
दिनांक: तीन फेब्रुवारी दोन हजार सव्वीस, मंगळवार, सकाळचे साडेदहा

मृत्युपत्र करणारी: (सही)
साक्षीदार पहिला, बेकरीवाला: (सही)
साक्षीदार दुसरा, लिफ्टमिस्त्री: (सही, याने पहिल्याच्या पेनाने सही करायला नकार दिला, म्हणून शाई वेगळी आहे)